पाच दशांश दहा

केळझर,
६ जानेवारी २०२५

तीर्थरूप दादांस वच्छलाचा नमस्कार.

फोन ठेवला अन् लगेच हे लिहाले बसली. तुमच्याशी फोनवर बोलणं म्हणजे विहिरीत तोंड घालून ओरडणं आहे, बाप्पा. मी म्हटलं, "दादा, मुलगा चांगला आहे," तर तुम्ही म्हणता, "मुळा नको, मला वात होतो." ते कानातलं मशीन कपाटात ठेवाले घेतलं काय? जाऊ द्या. पत्राले कान लागत नाई, म्हणून पत्र.

मुलगा म्हणजे आपल्या रुचिकासाठी. आमच्या किराणा दुकानाच्या मागं पुंडलिकराव राह्यतात. भाजीपाल्याची शेती आहे, वांगे-कोबी सेलूच्या बाजारात जाते. त्यायचा मोठा पोट्टा योगेंद्र. तीस वर्षांचा, डिप्लोमा झालेला, सेलूले ठिबकच्या पाइपाचं दुकान आहे. तंबाखू नाई, खर्रा नाई. गेल्या पावसाळ्यात माय आजारी पडलती तर यानं स्वतः पोळ्या लाटल्या. गोल नव्हत्या म्हणे, पण लाटल्या. आजकाल असं कोण करते?

अन् मुख्य गोष्ट म्हणजे पोट्टा उंच आहे.

दादा, तुमाले दुखते हे मले माहीत आहे, तरी लिहिते. पाच जागी पोरगी दाखवली. पाचही जागी शिक्षण पसंत, वर्ध्याच्या दवाखान्यातली लॅबची नोकरी पसंत, अन् शेवटी "मुलगी जरा जास्तच उंच आहे" म्हणून नकार. त्या पाचव्या बाईनं तर तिले चप्पल काढून भिंतीले उभं केलतं, जसं काही कपाट विकत घेऊन राह्यली. तवापासून पोरगी खांदे पाडून चालते. दिवाळीत आलती तर मागून पाहून मले वाटलं कोणी म्हातारीच येऊन राह्यली. सत्तावीस वर्षांच्या पोरीनं असं वाकून चालावं, हे मले पाहवत नाई. वहिनी असती तर तिलेही पाहवलं नसतं.

बायोडाटा जोडला आहे. उंचीचा रकाना आधी पाहजा. ५.१०! आपली रुचिका टाचेची चप्पल घालू शकते, दादा. लवकर हो कळवजा.

तुमची
वच्छला

ता. क. मागच्या पत्रातल्या माझ्या चुका लाल शाईनं दुरुस्त करून तुम्ही परत पाठवल्या, त्या मिळाल्या. मी साठ वर्षांची झाली, दादा.


कारंजा (घाडगे),
११ जानेवारी २०२५

चि. वच्छला हिस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र व बायोडाटा मिळाला. चुकांचा कागद याही वेळी जोडला आहे. वय झाले म्हणून ऱ्हस्व-दीर्घ बदलत नाही.

स्थळाविषयी. घराणे उत्तम, मुलगा उद्योगी, पोळ्यांचा उल्लेखही आवडला. परंतु हे स्थळ आपल्याला चालणार नाही. कारण मी खाली पायरी-पायरीने देत आहे, म्हणजे तुला शंका राहणार नाही.

मुलाची उंची = ५.१० फूट
१ फूट = ३०.४८ सें.मी.
५.१० × ३०.४८ = १५५.४४८ सें.मी.
रुचिकाची उंची = १७३ सें.मी.
फरक = १७.५५२ सें.मी. (मुलगी उंच)

तू "५.१०!" असे उद्गारचिन्ह देऊन लिहिलेस, यावरून तुझी चूक कुठे झाली हे माझ्या लगेच ध्यानात आले. दशांश चिन्हानंतर शेवटी येणाऱ्या शून्याला किंमत नसते. ५.१० म्हणजे ५.१. मी चौतीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला गणित शिकवले, आणि दरवर्षी निम्मा वर्ग "दहा मोठे की आठ?" या खड्ड्यात पडायचा. तूही माझ्याच वर्गात होतीस आणि तूही पडायचीस. तो मुलगा तुला उंच दिसतो याचे कारण तू स्वतः १४८ सें.मी. आहेस. तुला आमच्या कारंज्याचा पोस्टमनही उंच दिसेल.

रुचिकाच्या बायोडाट्यात मी उंची सेंटिमीटरमध्येच दिली आहे. देशात मेट्रिक पद्धत येऊन साठ वर्षे होऊन गेली. फूट आणि इंच आता सुताराने आणि साडीवाल्यानेही सोडायला हवेत.

वच्छला, आता गणित बाजूला ठेवून लिहितो. मुलाचा माथा तिच्या हनुवटीशी येणार. हार घालताना त्याला पाटावर उभे करावे लागेल आणि मंडपात लोक तोंडाला रुमाल लावून हसतील. पाच ठिकाणी माझ्या पोरीला लोकांनी नजरेने मोजले. सहाव्या ठिकाणी अख्खा मांडव मोजणार असेल तर मला ते सहन होणार नाही. तिचे लग्न नाही झाले तरी चालेल, पण तिच्यावर हसलेले मला चालणार नाही.

तरी नकार कळवावा. रुचिकालाही मी वेगळे पत्र लिहून हे गणित कळवत आहे.

तुझा
दादा


केळझर,
१७ जानेवारी २०२५

तीर्थरूप दादांस नमस्कार. तिळगूळ घ्या, गोड बोला. गोड बोलाची तुमाले गरज आहे.

पत्र मिळालं. तुमचं ते पायरी-पायरीचं गणित मी वाचलं नाई. गुणाकाराचं चिन्ह दिसलं की लहानपणापासून माझ्या डोळ्यात पाणी येते, हे तुमाले माहीत आहे, ते पाणी तुमच्याच छडीनं आणलं आहे. मी खालचं तेवढं वाचलं. माथा हनुवटीशी? कोणाचा माथा? योगेंद्रचा? दादा, कोणी कान भरले तुमचे? अन् तुमचे कान कसे काय भरले?

अवो, तो पोट्टा आमच्या दुकानात वाकून येते! शटर अर्धं असलं तर गुडघ्यातून वाकते. पुंडलिकरावायच्या न्हाणीच्या चौकटीले त्याचं कपाळ इतक्यांदा लागलं की त्यायनं तिथं जुनं पोतं ठोकून ठेवलं. हातच्या कांकणाले आरसा कशाले पाह्यजे? पण तुमाले पाह्यजे, म्हणून मी पुरावाच पाठवून राह्यली.

मंगळवारी त्याले दुकानासमोर उभं केलं. म्हटलं, बाबू, हल्लू नको. मी तेलाच्या पिंपावर चढली, सुतळीचं एक टोक त्याच्या डोक्यावर धरलं, दुसरं त्याच्या टाचेशी दाबलं, अन् दोन्हीकडे गाठ मारली. काऊन मोजून राह्यल्या म्हणून त्यानं विचारलं नाई, शहाणा आहे. बाकी आळीनं विचारलं. ती सुतळी त्याच्याच दुकानाच्या कागदात गुंडाळून सोबत ठेवली आहे. तुमच्या पट्टीनं मोजा, अन् मंग बोला.

इकडची गंमत ऐका. तुम्ही रुचिकाच्या बायोडाट्यात १७३ सें.मी. लिहिलं, ते पुंडलिकरावायच्या घरात कोणालेच समजेना. मंग त्यायनं मोबाइलवर हिशोब केला, तर ५.६७ आलं. पुंडलिकराव आधी सुतारकाम करत. ते म्हणाले, "पाच फूट, सहा इंच अन् सात सूत." इंचाचे आठ सूत असतात ना, त्यातले सात. मायबाप दोघंही खूश. आपल्या पोरीची उंची पाच-आठ आहे हे मले माहीत आहे, पण मी काऊन तोंड उघडू? इतकी सूक्ष्म मोजणी झाल्यावर आपण मधात बोलू नये.

पण एक आहे. पुलगावचं एक स्थळ त्यायच्याकडे येऊन बसलं आहे. पुंडलिकराव म्हणाले, महाशिवरात्रीच्या आत तुमचं कळवा, नाई तर आम्ही तिकडं पाहतो. सव्वीस फेब्रुवारीले शिवरात्र आहे. दादा, असं स्थळ पुन्हा येणार नाई. मशीन कानात घालून, डोकं थंड ठेवून सुतळी मोजा.

तुमची
वच्छला


कारंजा (घाडगे),
२३ जानेवारी २०२५

चि. वच्छला हिस आशीर्वाद.

सुतळी मिळाली. टेबलावर सरळ अंथरून, स्टीलच्या पट्टीने, तीन वेळा मोजली. सरासरी १७८.२ सें.मी. भरली.

आता शांतपणे विचार करू. मुलाच्या बायोडाट्याप्रमाणे त्याची उंची १५५.४४८. सुतळीप्रमाणे १७८.२. फरक जवळजवळ तेवीस सेंटिमीटर. बायोडाटा मुलाच्या बापाने लिहिला आहे, आणि कोणताही बाप आपल्या मुलाची उंची कमी करून लिहीत नाही. म्हणजे चूक सुतळीत असली पाहिजे. कारणे तीनच संभवतात. सुतळी ताणली गेली असेल, पण तेवीस सेंटिमीटर ताणली तर ती तुटते, मी ओढून पाहिली. मुलाच्या डोक्यावर काही असेल, पण तेवीस सेंटिमीटरची टोपी केळझरात कोणी घालत नाही. उरले तिसरे कारण. ते लिहिताना मला वाईट वाटते. तू दुसऱ्याच कोणाला मोजलेस.

तुझे भाचीवरचे प्रेम मी जाणतो. पण प्रेमापोटी केलेली लबाडी ही लबाडीच. तू सहावीत असताना प्रगतीपुस्तकावर बाबांची सही केली होतीस, तेव्हाही हेतू चांगलाच होता.

दुसरे असे की, ज्या कागदात सुतळी गुंडाळली होतीस तो मी वाचला. त्यावर छापले आहे, "दोन इंची पाइप (६३ एमएम)". दोन इंच म्हणजे ५०.८ मिलिमीटर. वरचे १२.२ कुठून आले? जो दुकानदार दोन इंचांत बारा मिलिमीटरचा घोळ करतो, त्याच्या घरात उंचीचा घोळ होणे साहजिक आहे. गिऱ्हाइकाला जास्त देतो असे तू म्हणशील. जास्त देणे हेही चूकच.

नकार कळवला असशीलच. नसल्यास आजच कळव. रुचिकाला पाठवलेल्या पत्राचे उत्तर अजून आलेले नाही. पण ती समंजस आहे, तिने गणित पाहिले असेल आणि विषय संपवला असेल.

तुझा
दादा


केळझर,
४ फेब्रुवारी २०२५

दादा,

तीर्थरूप वगैरे आज लिहीत नाई. दहा दिवस मी पत्रच लिहिलं नाई, कारण लिहिलं असतं तर तुम्ही लाल शाई विकत आणाले गेले असते.

मी लबाड? मी दुसऱ्याले मोजलं? या वयात पिंपावर चढली, गुडघा धरला आठ दिवस, आळीतल्या बाया अजून हसून राह्यल्या, अन् मी लबाड! तुमच्या पोरीसाठी चढली होती मी, दादा, माझ्यासाठी नाई. रडली मी त्या दिवशी, खोटं कशाले सांगू.

रडून झाल्यावर तुमची दोन्ही पत्रं घेऊन शेजारच्या देवकाबाईकडे गेली. ती ब्लाऊज शिवते. चौथी नापास आहे. तुमच्याच शाळेतली नाई, दुसऱ्या गावची, म्हणून तुम्ही वाचले. तिनं तुमचं पायरी-पायरीचं गणित वाचलं, चष्मा काढला, अन् इतकी हसली की मशीनवरचं कापड खाली पडलं. म्हणाली, "वच्छलाबाई, तुमच्या दादानं दहा इंचाचा एक इंच केला वो!"

आता नीट वाचा. ५.१० म्हणजे पाच फूट, दहा इंच. इंच! पाच फुटांवर दहा इंच! तो टिंब तुमचा दशांशाचा टिंब नाई. तो फूट अन् इंच वेगळे दाखवाले मारलेला टिंब आहे. अख्ख्या वर्धा जिल्ह्यात, अख्ख्या नागपुरात, जितके बायोडाटे छापतात तितक्यांत असंच लिहितात. कोणाले विचारा. पोराले विचारा, भटजीले विचारा, झेरॉक्सवाल्याले विचारा. देवकाबाईनं आपला टेप काढून दाखवला. एका बाजूनं इंच, दुसऱ्या बाजूनं तुमचे सेंटिमीटर. पाच फूट दहा इंचावर बोट ठेवून टेप उलटा केला, तर एकशे अठ्ठ्याहत्तरले दोन रेघा कमी. तुमच्या पट्टीनं सुतळी किती भरली होती, दादा? एकशे अठ्ठ्याहत्तर, अन् वर दोन रेघा. त्या चार रेघा माझ्या गाठीच्या, त्या मले माफ करा.

पाइपाचं पण विचारून आली. दोन इंची हे नाव आहे, त्रेसष्ट हे बाहेरून माप आहे. हे अख्ख्या शेतकऱ्यायले माहीत आहे. सव्वाशे वर्षांची म्हातारीही दोन इंची मागते अन् त्रेसष्टचा घेऊन जाते, कोणी पोलिसात जात नाई.

अन् शेवटचं. नकार मी कळवलाच नव्हता. पहिल्या पत्रानंतर नाई अन् दुसऱ्यानंतरही नाई. पुंडलिकरावायले सांगितलं, दादाले बरं नाई. ते खोटं नव्हतं.

सुंभ जळते पण पीळ जात नाई म्हणतात. मले तुमचा पीळ माहीत आहे. पण शिवरात्रीले बावीस दिवस राह्यले.

वच्छला


कारंजा (घाडगे),
९ फेब्रुवारी २०२५

चि. वच्छला हिस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळाले. गुडघ्याला तीळतेल लाव. लबाडीचा शब्द मी मागे घेतो. तो लिहायला नको होता.

परंतु मूळ मुद्दा स्पष्ट असावा. चूक माझ्या गणितात नाही. गुणाकार तू कोणाकडूनही तपासून घे. चूक मांडणीत आहे. फुटाचे भाग बारा असतात, दहा नसतात, त्यामुळे पाच फूट दहा इंच हे दशांशात ५.८३ असे लिहायला हवे. ५.१० लिहिणाऱ्याने टिंबाचा अपमान केला आहे. चौतीस वर्षे चौथीच्या मुलांना मी हेच सांगत आलो की टिंब जपून वापरा, आणि इकडे त्यांचेच आईबाप लग्नाच्या कागदावर टिंबाचे धिंडवडे काढत आहेत. असो. मुलाची उंची १७७.८ सें.मी. असल्याचे मी मान्य करतो.

आता एक अडचण आहे आणि ती तुलाच सोडवायची आहे. रुचिकाला मी ११ जानेवारीलाच लिहून टाकले होते की मुलगा १५५ आहे व आपण नकार देत आहोत. महिना होत आला, तिचे उत्तर नाही. एरवी आठ दिवसांत येते. तिने मनातून स्थळ काढून टाकले असणार. माझे गणित ती लहानपणापासून डोळे मिटून मानते. दहावीला बोर्डाचे उत्तर आणि माझे उत्तर वेगळे आले तेव्हा तिने बोर्डाला चूक ठरवले होते.

तर तू तिला असे कळव की मुलाकडून सुधारित बायोडाटा आला आहे. "सुधारित" हा शब्द खोटा नाही, कारण आता तो सुधारलेलाच समजायचा. माझ्याकडून काही चुकले असे तिला वाटले तर पुढे ती माझ्या कोणत्याच उत्तरावर विश्वास ठेवणार नाही, आणि आई गेल्यावर तिच्याजवळ विश्वास ठेवायला मीच एक उरलो आहे. म्हणून म्हणतो. शिवरात्रीच्या आत तिचा होकार मिळव.

तुझा
दादा

ता. क. तुझ्या या वेळच्या पत्रातल्या चुका मी दुरुस्त केलेल्या नाहीत.


वर्धा,
१७ फेब्रुवारी २०२५

बाबा,

तुमचं जानेवारीतलं पत्र मला वेळेवर मिळालं होतं. उत्तर द्यायला उशीर केला, कारण द्यायचं उत्तर तुम्हाला आवडलं नसतं. आणि समोर येऊन सांगितलं तर तुम्ही मशीन काढून खिशात ठेवता.

तुमचं गणित मी वाचलं. १५५.४४८. तपासलंसुद्धा नाही, तुमचं कधी तपासलंच नाही. हॉस्टेलच्या खोलीत भिंतीवर पेन्सिलनं एकशे पंचावन्नची रेघ मारली आणि तिच्यासमोर उभी राहिले. खरंच, हनुवटीशी येत होती. आधी हसू आलं. मग मला ती पाचवी बाई आठवली, जिनं मला चप्पल काढायला लावली होती. मी त्या रेघेकडं ज्या नजरेनं पाहत होते ना बाबा, ती बाई माझ्याकडं त्याच नजरेनं पाहत होती. मला स्वतःची लाज वाटली.

तुम्ही पत्रासोबत जोडलेल्या बायोडाट्यावर नंबर होता; उंचीचा रकाना मी पाहिलासुद्धा नाही, तुमचा आकडा होता ना. मी फोन केला. तुम्हाला न विचारता केला, आत्याला न सांगता केला. म्हटलं, मी रुचिका, माझी उंची एकशे त्र्याहत्तर सेंटिमीटर आहे, आधीच सांगते. तो म्हणाला, "म्हणजे पाच-आठ. आमच्या बाबानं पाच-सहा अन् सात सूत काढली होती." मी विचारलं, मग चालेल तुम्हाला? तो म्हणाला, "काऊन नाई चालणार?"

बाबा, त्या एका वाक्यावर मी हो म्हटलं. मनातल्या मनात. मला वाटलं, केवढ्या मोठ्या मनाचा माणूस आहे! स्वतः एकशे पंचावन्न, आणि बायको वीतभर उंच आली तरी याला काही नाही. पाच जण माझ्यापेक्षा उंच होते आणि घाबरले. हा एवढासा, आणि घाबरला नाही. मग आम्ही रोज बोलू लागलो. मी त्याच्या उंचीचा विषय चुकूनही काढला नाही, त्याला वाईट वाटेल म्हणून. "वरच्या कपाटातलं", "टाचेची चप्पल", असे शब्दसुद्धा टाळले. त्याला वाटलं, मी जरा कमी बोलते. फोटोत तो गाडीवर बसलेला आहे, त्यावरून काही कळत नाही.

आत्यानं गेल्या आठवड्यात फोन करून फक्त एवढंच सांगितलं, "चतुर्थीले केळझरले येजो, गणपतीच्या देवळात. डोळ्यानं पाह्य. मी काई सांगत नाई." काल गेले. टाच नसलेली नवी चप्पल घालून गेले, म्हणजे त्याला कमी वाटेल. देवळात चतुर्थीची गर्दी. मी माणसांच्या खांद्याखाली पाहत त्याला शोधत होते. दोन बुटक्या माणसांना मी हसून नमस्कारही केला, त्यातला एक फुलवाला निघाला. तेवढ्यात एक उंच माणूस माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मी म्हटलं, जरा बाजूला व्हाल का, मला कोणाला तरी शोधायचंय. तो म्हणाला, "मी योगेंद्र." मी म्हटलं, "नाही, तुम्ही नाही."

मागं आत्या पदर तोंडाला लावून हसत होती. मग तिनं सगळं सांगितलं. टिंब, देवकाबाई, सुतळी, आणि तुमचा "सुधारित बायोडाटा"सुद्धा.

खरं सांगू का बाबा? तो उंच निघाला तेव्हा आनंद नंतर झाला. आधी राग आला. महिनाभर मी स्वतःला किती शूर समजत होते! रोज झोपताना मंडपातल्या लोकांना मनात उत्तरं देत होते. पाटाची व्यवस्था कशी करायची तेसुद्धा ठरवलं होतं. आणि त्याचं ते मोठं मनही गेलं, कारण एकशे अठ्ठ्याहत्तरच्या माणसानं "काऊन नाई चालणार" म्हणण्यात मोठं मन कुठलं आलं? म्हणून मी त्याला तिथंच विचारलं, मी तुमच्यापेक्षा उंच असते तर? तो म्हणाला, "माहीत नाई. खोटं काऊन बोलू? विचार करावा लागला असता." मला ते आवडलं. मी त्याला खरोखरचं हो काल म्हटलं, त्या उत्तरानंतर.

तुमचा गुणाकार बरोबर होता, टिंब चुकलं, त्याचं मला काही नाही. तुमच्या सगळ्या उत्तरांवर माझा विश्वास तसाच आहे. पण एक गोष्ट मनात राहिली आहे आणि ती लिहिल्याशिवाय हे पत्र बंद होणार नाही. पाच वेळा मला नाही म्हटलं गेलं, तेव्हा प्रत्येक वेळी तुम्ही घरी आल्यावर त्या लोकांना शिव्या दिल्या. म्हणाला होतात, "माणसं आहेत की कापडाचे ठाण, मोजून घ्यायला?" सहाव्या वेळी मोजायला पट्टी तुमच्या हातात होती, आणि तुम्हीही नाहीच म्हटलं. त्याला एकदाही न पाहता, न भेटता.

तुमची
रुचिका


कारंजा (घाडगे),
२० फेब्रुवारी २०२५

चि. रुचिका,

तुझं पत्र काल दुपारी आलं.

आज सकाळी पुंडलिकरावांना होकाराचं पत्र स्पीड पोस्टानं पाठवलं. ते वेळेत पोचेल न पोचेल म्हणून रविवारी मी स्वतः केळझरला जातो आहे. मशीन कानात घालून जाईन. साक्षगंधाची तारीख तू, योगेंद्र आणि आत्या मिळून ठरवा, मला फक्त कळवा. वच्छलाला लुगडं घ्यायचं आहे, रंग तू सांग. देवकाबाईंनाही बोलावणं करायचं आहे, त्यांचं नाव यादीत वर लिही. योगेंद्रला माझा आशीर्वाद सांग. त्यानं तुला जे उत्तर दिलं ते मला फार आवडलं, हेही सांग.

तू शेवटी जे लिहिलंस त्याचं उत्तर द्यायला सकाळपासून बसलो आहे. पहिल्यांदा लिहिलं, की मी हे सगळं तुझ्या काळजीपोटी केलं. ते खरं आहे, पण ती पाचही माणसं आपापल्या मुलाच्या काळजीपोटीच तसं वागली असणार, म्हणून खोडलं. मग लिहिलं, की तो मुलगा खरोखर एकशे पंचावन्न असता आणि तू मला तुझ्या मनातलं सांगितलं असतंस, तर मी हसत हो म्हटलं असतं. हे दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं, बाळ. खोटं आहे ते. मी नसतं म्हटलं.

तू म्हटलंस.

तुझा
बाबा